जुनी वस्त्रे आणि डिंकाची निवड
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या बहुतेकांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी पणजीचा शालू, आजोबांचे पागोटे, एखादी सनद अथवा वंशावळीचे बाड असते. त्यास चीर पडली म्हणजे हाती लागेल त्या साधनाने आपण ती चिकटवितो, आणि घात होतो तो तेथेच.

माझ्या एका स्नेह्यांच्या घरी वतनाच्या कागदास पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. काही वर्षांनी पट्टी गळून पडली. तिचा गोंद मात्र कागदात मुरून पिवळा डाग ठेवून गेला. सुतारकामाचा पांढरा गोंद तर रेशमास पत्र्यासारखे ताठ करतो व वाळल्यावर सहजी सुटत नाही. त्या मानाने घरची खळ पुष्कळ बरी, कारण ती ओलाव्याने सुटते. परंतु कसर आणि झुरळ यांस ती मेजवानीच. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालीत ते याचसाठी.

खळीचा गुण असावा, पण दोष नसावा, असा पदार्थ वस्तुसंग्रहालयांतील तज्ज्ञांस सेल्युलोजपासून लाभला. सेल्युलोज म्हणजे वनस्पतींच्या अंगाचा मूळ सांगाडा. फ्रेंच रसायनज्ञ आन्सेल्म पायेन याने तो १८३८ साली प्रथम वेगळा काढला. आपला कापूस तर बहुतांशी सेल्युलोजच आहे. तो पाण्यात विरघळत नाही, हे आपण रोज धोतर धुताना पाहतोच! त्यावर दाहक सोडा व अन्य रसायनांची क्रिया केली म्हणजे मिथिल सेल्युलोज नावाची पांढरी पूड मिळते. तिची रीत मोठी चमत्कारिक. साखर ऊन पाण्यात लवकर विरघळते. ही पूड ऊन पाण्यात विरघळतच नाही, थंड पाण्यात विरघळते. म्हणून ती प्रथम ऊन पाण्यात ढवळून पसरवितात आणि मग निववितात. वर्गात मुलांस दाखविण्याजोगाच हा प्रयोग आहे.

वस्त्र इतके जीर्ण असते की सुईच्या टोचणीनेच ते अधिक फाटेल, अशा वेळी या डिंकाचा उपयोग. अतितलम रेशमी जाळीवर त्याचा पातळ थर देऊन वाळवितात, ती जाळी फाटक्या वस्त्राखाली सरकवितात आणि किंचित ओलावा देऊन डिंक जागा करतात. जेथे पाण्याने रंग फुटण्याचे भय, तेथे मद्यार्कात विरघळणारे हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज घेतात. अर्थात टाका घालता येत असेल तर टाकाच घालावा, असे जाणते लोक मानतात.

सेल्युलोजच्या कुळातील सर्वच भावंडे सारखी गुणी नाहीत. नायट्रेट पिवळे पडते, ठिसूळ होते आणि भडकन पेटते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जीर्ण कागदांवर अ‍ॅसिटेटचे पातळ पापुद्रे अ‍ॅसिटोनने चिकटविण्याची पद्धत १९५० नंतर निघाली व देशोदेशी गेली. पुढे असे दिसले की अ‍ॅसिटेट स्वतःच कालांतराने आम्ल सोडते. फेलर आणि विल्ट या अमेरिकन संशोधकांनी १९९० साली या कुळातील अनेक पदार्थांची परीक्षा प्रसिद्ध केली. तीत मिथिल सेल्युलोज टिकाऊ ठरले, हायड्रॉक्सीप्रोपिल मध्यम.

एवढे ऐकून कोणी घरी पूड आणून शालूवर प्रयोग करू नये, ही विनंती. मुंबईस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असे काम करणारे संरक्षण केंद्र आहे. प्रथम तेथे विचारावे. तोवर चिकटपट्टी लावू नये. रेशीम घडीच्या रेषेवर आधी तुटते, म्हणूनच आपल्या वडीलधाऱ्या बायका दर वर्षी पैठणीची घडी मोडून नवी घालीत. त्याहून बरे म्हणजे जाड नळीवर धुतलेले सुती कापड गुंडाळून त्यावर शालू सैलसर गुंडाळावा, आणि जरीची बाजू बाहेर ठेवावी.