पाटाबरोबर आलेले सासवडकर
(कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



गावाने ज्यांना पहिल्यापासून नुसते 'सासवडकर' म्हटले, त्या माळी घराण्याविषयी बोलावे अशी समितीची आज्ञा झाली. मी तालुका कचेरीतला कारकून, वक्ता नव्हे. जुनी दप्तरे चाळण्याची सवय आहे, तेवढ्याच भांडवलावर उभा आहे.

नीरेचा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला. पाणी आले की बारामतीकडचा शेतकरी ते आनंदाने घेईल, असा सरकारचा अंदाज होता. तसे झाले नाही. पाणीपट्टी रोख भरायची, उसात वर्षभर पैसा अडकवायचा, आणि पाऊस बरा झाला तर काळ्या रानात ज्वारी पाटाच्या पाण्यावाचूनही येतच होती. आपल्या वाडवडिलांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. भाकरी ज्वारीची होते, उसाची होत नाही.

सासवडचे माळी मात्र कऱ्हेकाठी, सोपानकाकांच्या गावात, विहिरीवर मोट हाकून बागाईत करणारे. मोटेमागे जन्म घालवलेल्या माणसाला पाटाचे वाहते पाणी म्हणजे दारी चालून आलेली लक्ष्मीच. ही मंडळी कालव्याच्या कडेकडेने उतरली. त्यांतच या घराण्याचे मूळ पुरुष आपल्याकडे आले. इथल्या मालकाची जमीन खंडाने घेतली, शेणखत आणि पेंड घालून ऊस उभा केला, आणि चुलवाणावर काहील चढवली. गुळव्याचे काम त्यांच्यापासून गावाने उचलले. घरची लक्ष्मी दिवसभर खुरपणीला आणि रात्री गुऱ्हाळावरच्या माणसांच्या भाकरीला. तिचे नाव कोणत्याही दप्तरात मला सापडले नाही.

पुढे अतिपाण्याने रान चिबडले, खार वर आला. त्याचा दोष सासवडकरांच्या माथी आला. पाणी जास्त दिले गेले हे खरेच आहे. पण निचऱ्याचे चर काढायचे कोणी? मालक म्हणे खंडकऱ्याने, खंडकरी म्हणे मालकाने. त्या भांडणात जमीन गेली. पुष्कळ माळी मंडळी गोदावरीच्या आणि प्रवरेच्या कालव्यांवर गेली. काहींनी माळशिरस तालुक्यात माळीनगर वसवले व १९३२ साली 'सासवड माळी शुगर फॅक्टरी' काढली. शेतकऱ्यांनी स्वतःच्या भांडवलावर साखर कारखाना काढावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आपले सासवडकर मात्र हलले नाहीत. चोपणात गेलेल्या तुकड्याला चर काढीत इथेच राहिले.

आता दप्तरातली एक गोष्ट सांगतो. कबजेदार सदरी नाव मालकाचे, यांचे नाव इतर हक्कांत. १ एप्रिल १९५७ रोजी कृषिदिनाने पुष्कळ कुळे जमिनीची मालक झाली. पण ऊस व फळबागांसाठी दिलेल्या खंडाला कुळकायद्यात निराळे कलम होते. त्यामुळे ज्यांनी ऊस आणला त्यांनाच तो लाभ मिळाला नाही. या घराने पुढे एकेक तुकडा खरेदीखताने, रोख पैसे मोजून घेतला. ते फेरफार मी स्वतः वाचले आहेत. त्याबद्दल त्या घरातून कधी तक्रारीचा शब्द ऐकला नाही. आपणही कधी विचारले नाही म्हणा.

हे सारे सांगण्याचे कारण असे. सभामंडपात लावायच्या शिळेचा मसुदा मी पाहिला. त्यात 'मूळ ग्रामस्थ' आणि 'बाहेरगावचे देणगीदार' अशा दोन याद्या आहेत, आणि चार पिढ्या याच पांढरीत नांदलेले सासवडकर दुसऱ्या यादीत आहेत. समितीचा हेतू वाईट नाही, हे मी जाणतो; जुन्या वर्गणीच्या वहीवरून नावे उतरली गेली. पाथरवटाने अजून छिन्नी लावलेली नाही. तेव्हा सर्व ग्रामस्थांची एकच यादी अक्षरानुक्रमे करावी, अशी माझी नम्र विनंती आहे. तशी प्रत लिहून आणली आहे, ती चिटणिसांकडे देतो.

जय हरी विठ्ठल.