देवाचे काम आणि कामाचा दाम
(बंगळुरू येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



येथील जनरल पोस्ट ऑफिसात जे काम करतात, ते रोज विधानसौधावरून जातात. त्या इमारतीच्या दर्शनी भागावर कोरले आहे : सरकारचे काम हे देवाचे काम. ही इमारत १९५६ साली पूर्ण झाली आणि ती या रूपात उभी केली मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या यांनी. पुढे १९७१-७२ मध्ये हेच गृहस्थ केंद्रात रेल्वेमंत्री होते. म्हणजे हे वाक्य आपल्या खात्याच्या एका मंत्र्याचे आहे, म्हणून त्याचा अर्थ विचारण्याचा आपल्याला दुहेरी अधिकार आहे.

काम देवाचे, मग ते करणारा कोण? त्याचा दाम किती? आणि देवाच्या नावाने जमा झालेले धान्य कोणाचे?

याची उत्तरे शोधायला सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला जाऊ. बाराव्या शतकात बसवण्णा तेथे बिज्जलाच्या चाकरीत हिशेबनीस होते, नंतर कल्याणला खजिन्याचे प्रमुख झाले. म्हणजे सरकारी नोकरच! त्यांनी आणि शरणांनी दोन शब्द दिले : कायक आणि दासोह. कायक म्हणजे अंगमेहनतीचे प्रामाणिक काम. त्यातून गुरूलाही सूट नाही. दासोह म्हणजे गरजेपुरते ठेवून उरलेले समाजाला देणे. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून पोट भरीत असे. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा बायको लक्कम्मा म्हणाली, हे आपले नव्हेत, परत टाकून या. ही कथा साठेबाजाला ऐकवायची आहे. पण आजकाल ती ऐकवली जाते ती वेतनवाढ मागणाऱ्या कामगाराला!

त्याच मंगळवेढ्याचे दामाजीपंत. पंधराव्या शतकात बिदरच्या बादशहाचे अंमलदार. परंपरा सांगते की दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे उपाशी रयतेला खुली केली आणि त्याबद्दल त्यांना पकडून नेले. नियमाच्या पुस्तकात ही अफरातफर होती, लोकांच्या लेखी तोच धर्म होता. आज आपण त्यांचे नाव घेतो, बादशहाचे किती जणांना आठवते?

आणि तिसरे चोखोबा. १३३८ साली मंगळवेढ्यात कुसवाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तेही गाडले गेले. संत म्हणून आपण त्यांच्या पायऱ्येवर डोके ठेवतो. कामावर मेलेला मजूर म्हणून आठवण कोण काढतो? गँगमन लाईनवर गाडीखाली सापडतो तेव्हा मला चोखोबांची भिंत आठवते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ साली रेल्वेसाठी स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरण असावे अशी शिफारस केली होती. देवाच्या कामात माणसाच्या जिवाची किंमत धरायची असेल, तर सुरुवात येथून व्हायला हवी.

कोणी म्हणेल, जुन्या गोष्टींवर राज्य चालत नाही. चालते, साथींनो. अमेरिकेत नवाहो नावाचे आदिवासी राष्ट्र आहे. त्यांच्या परिषदेने २००२ साली पूर्वजांच्या मूलभूत नियमांना कायद्याची मान्यता दिली. त्यांचा एक शब्द आहे 'के', म्हणजे नात्याचे बंधन : माणसामाणसांचे, तसेच माणसाचे आणि भूमीचे. १९४४ पासून सुमारे चाळीस वर्षे त्यांच्या जमिनीतून युरेनियम काढले गेले. खाणीत उतरलेले कितीतरी कामगार फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. २००५ साली त्या परिषदेने आपल्या भूमीवर युरेनियमच्या खाणीला बंदी घातली आणि आधार दिला त्याच जुन्या नियमांचा. परंपरेचा शब्द तेथे नुसता भिंतीवर राहिला नाही. त्याने खाण थांबवली.

आपल्याकडे काय होते? शब्द गोड आणि हिशेब कडू. २००१ साली 'अतिरिक्त विभागीय' कर्मचाऱ्याचे नाव बदलून 'ग्रामीण डाक सेवक' झाले. नाव मोठे भक्तीचे! पण सातव्या वेतन आयोगाच्या कक्षेत तो नव्हता. त्याच्यासाठी निराळी समिती नेमली गेली. अतिरिक्त विभागीय कर्मचारी मुलकी पद धारण करतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच दिला होता. तरी खात्यातल्या पोस्टमनचे वेतन आणि पेन्शन त्याला नाही. पावसात नदी ओलांडून मनीऑर्डर पोचवतो तेव्हा तो देवाचा माणूस, पेन्शन मागतो तेव्हा परका! १९७४ साली मे महिन्यात रेल्वे कामगार बोनस आणि आठ तासांच्या पाळीसाठी संपावर गेले, तेव्हाही त्यांना देशसेवेचे पाठ दिले गेले आणि हजारोंना तुरुंगात टाकले गेले. पण बोनसची मागणी गाडता आली नाही. १९७९ साली रेल्वे कामगारांना तो मिळालाच.

म्हणून माझे म्हणणे असे की, परंपरेची भाषा मालकाच्या आणि मंत्र्याच्या हाती सोडू नका. कोणतेही नवे धोरण आले की मंगळवेढ्याचे तीन प्रश्न विचारा. बसवण्णांचा : श्रमाला मान आणि पुरेसा दाम आहे का, आणि तो हुकूम काढणाऱ्यालाही लागू आहे का? दामाजींचा : अडचणीच्या काळात कोठार लोकांसाठी उघडणार का? चोखोबांचा : भिंत पडली तर खाली कोण सापडेल?

युनियनच्या सभेत, प्रशासनाबरोबरच्या बैठकीत, निवेदनात हे प्रश्न मांडा. आणि आपल्यालाही तोच काटा लावा. काउंटरवर आलेल्या म्हातारीला आपण उगीच उद्या बोलावत असू, तर विधानसौधाच्या भिंतीवरचे वाक्य आपल्यालाही लागू आहे. कायक आपण पाळू, तेव्हाच दासोहाची मागणी ठणकावून करता येईल.

काम देवाचे असेल, तर ते करणारा उपाशी राहता कामा नये. एवढेच सांगून आपली रजा घेतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!