माळवदावरची माती

भूकंप किल्लारीचा, आपल्याकडचा नाही, असं आम्ही तलवाड्याच्या बाया म्हणायचो. किल्लारीलाही आधी तसंच वाटायचं. १९९२ मध्ये तिथं बारीक धक्के बसले, मग थांबले. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बोळवून गाव झोपलेलं; पहाटे चारच्या आत घरं खाली आली. मातीत रचलेल्या दगडी भिंती अन् वर जड माळवद, त्यांनीच जीव घेतले. २०२४ मध्ये हिंगोलीकडं मार्चात अन् जुलैत ४.५ चे धक्के बसले.

दरसाल पावसाळ्याआधी माळवदावर माती चढवतो आपणच. जुनी खरवडायचा कंटाळा करतो, हेही खरं! यंदा आधी जुनी काढू, मगच नवी टाकू. पोट सुटलेल्या भिंतीखाली अंथरूण नको. अन् दाराच्या वाटेतलं ज्वारीचं पोतं आजच हलवू.