अंजिराच्या काड्या थंडीत कापा, राखून ठेवा आणि फेब्रुवारीत लावा
(चिखलदरा येथील शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. खाली परतवाड्याला स्वेटरवर भागते, तेव्हा इथे शेकोटी लागते. याच दिवसांत अंजिराची पाने गळतात व झाड सुप्तावस्थेत जाते. काडीत अन्नसाठा भरपूर असतो, म्हणून छाट कलमासाठी काडी याच वेळी घ्यावी. मात्र थंड, ओल्या मातीत मुळे लवकर फुटत नाहीत आणि काडी कुजते. म्हणून जानेवारीत कापलेली काडी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत राखून ठेवावी लागते. पुरंदर भागातून पूना अंजिराच्या काड्या आणणाऱ्यांनाही हीच काळजी घ्यावी लागते.

काडी निरोगी, भरपूर फळे देणाऱ्या झाडाची, पेन्सिलीएवढी जाड, २० ते २५ सें.मी. लांब आणि ४ ते ५ डोळ्यांची घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ आणि वरचा काप डोळ्याच्या वर तिरपा द्यावा. म्हणजे लावताना खालवर होत नाही. चीक सुकू द्यावा. नंतर १ लिटर पाण्यात १ ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून त्यात काड्या बुडवाव्यात व सावलीत निथळू द्याव्यात.

पंचवीस-पंचवीस काड्यांच्या जुड्या बांधून त्यांवर जात व तारीख लिहावी. पाणी न साचणाऱ्या, सावलीच्या जागी दीड ते दोन फूट खोल खड्डा घ्यावा. तळाशी ओलसर वाळू पसरावी, जुड्या आडव्या ठेवून वाळूने झाकाव्यात आणि वर गोणपाट घालावे. वाळू मुठीत दाबली असता पाणी गळता कामा नये. काड्या थोड्या असतील तर ओलसर गोणपाटात व पॉलिथीन पिशवीत गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. बर्फाच्या कप्प्यात किंवा पिकलेल्या फळांजवळ ठेवू नयेत.

थंड देशांत काड्या कित्येक महिने अशा ठेवतात. आपला हिवाळा तेवढा लांब नाही. खड्ड्यातील काडी तीन ते पाच आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये. दर आठवड्याला जुडी उघडून पाहावी. साल नखाने खरवडल्यावर आत हिरवी दिसली तर काडी जिवंत आहे. साल सुरकुतली असेल तर काडी रात्रभर पाण्यात ठेवावी. काळी पडलेली काडी काढून टाकावी. डोळे फुगू लागले तर तारखेची वाट न पाहता लगेच लावणी करावी.

पुष्कळ जण इथेच फसतात. पाला फुटला म्हणजे कलम जगले असे नव्हे. मुळांआधी फुटलेली पाने काडीतल्या साठ्यावर जगतात. साठा संपला की काडी वाळते.

लावणी पोयटा, वाळू आणि कुजलेले शेणखत भरलेल्या पिशव्यांत करावी. काडीचा दोन तृतीयांश भाग मातीत असावा. पिशव्या सावलीत, घराजवळ ठेवाव्यात. इथे पाऊस भरपूर पडतो, पण एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची टंचाई असते. म्हणून पाणी पुरेल तेवढीच रोपे करावीत.

फेब्रुवारीत लावलेल्या काडीला उन्हाळ्यात मुळे धरतात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला रोप शेतात जाते. ही वेळ चुकली तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावे लागते. पाच आठवड्यांची ही राखण म्हणजे एका वर्षाची बचत आहे, एवढे लक्षात ठेवावे.