वेशीचे दार



नगरच्या श्रोत्यांना दिल्ली दरवाजा कोठे आहे हे आम्ही सांगावे असे नाही. तरी आज त्याच्यापाशीच थोडे थांबू या. रोज ज्याच्याखालून जातो, त्याच्याकडे मान वर करून आपण क्वचितच पाहतो.

१४९० साली भिंगारजवळ मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्याच परिसरात, सीनेच्या काठी, हे शहर वसवले. तिकडे फ्रान्समध्ये गारोन नदीकाठच्या बोर्दो शहरातही एक उंच वेस उभी आहे. १४९५ च्या फोर्नोवोच्या लढाईची आठवण म्हणून ती ओळखली जाते. दोन्ही शहरांचा जुना तट बहुतेक गेला, दरवाजे मात्र राहिले. असे का व्हावे?

तट हा केवळ अडवण्यासाठी असतो. वेस अडवते आणि आतही घेते. जुन्या वेशीची रचनाच पाहा. दोन भक्कम झडपा, आतून आडणा, हत्तीने धडक देऊ नये म्हणून बाहेरून खिळे, आणि मोठ्या दारात एक लहान दिंडी. दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या. रात्री मोठे दार बंद झाले तरी ओळखीच्या माणसाला दिंडीतून वाकून आत येता येई. परक्याची चौकशी आणि घरच्याचे स्वागत एकाच उंबरठ्यावर होई. म्हणून तर अब्रू गेली की ती ‘वेशीवर टांगली’ असे आपण म्हणतो. तटावर टांगली असे म्हणत नाही.

आता ८ ऑगस्ट १८०३ चा दिवस आठवा. नगर तेव्हा शिंद्यांकडे होते. वेलस्लीच्या फौजेने पेठेच्या तटाला शिड्या लावल्या. तट उंच होता, बुरूजही होते. पण आतून उभे राहण्यास जागाच नव्हती. वर चढणारे माथ्यावरच मारले जात होते. अखेर काही लोक आत उतरले, त्यांनी दरवाजा आतून उघडला आणि बाकीचे सैन्य सरळ चालत आले. चार दिवसांनी, १२ ऑगस्टला, किल्लाही गेला.

यातून आम्ही एवढेच घेतो, की वेशीचे बळ लाकडात आणि लोखंडात नसते. आतून ती सांभाळणाऱ्या माणसांत असते.

जुनी वेस रहदारीला अडचण करते, असे कोठेही ऐकू येते. अडचण खरी आहे; गाडीवाल्याला दोष देऊन भागणार नाही. पण रस्ता बाजूने वळवता येतो, पाडलेली वेस पुन्हा उभारता येत नाही. नवी बांधाल ती कमान होईल, वेस होणार नाही. शत्रूने जी राखली, ती आपण आपल्याच सोयीसाठी घालवली, असे पुढच्यांनी म्हणू नये.

घरी जाताना दिल्ली दरवाजावरून जा. बरोबरच्या मुलाला क्षणभर थांबवा आणि वर पाहायला सांगा. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.