पासवर्ड आपला, आपल्याच हाती



अर्जांचे दिवस आले की वडगाव मावळच्या ई-सेवा केंद्रांवर गर्दी होते. शेतकऱ्याच्या हातात सातबारा, आधार आणि पासबुक असते. एखाद्या सरकारी पोर्टलवर खाते उघडताना केंद्रचालक विचारतो, "पासवर्ड काय ठेवू?" उत्तर येते, "ठेवा तुम्हीच काहीतरी." मग नाव आणि पुढे १२३, नाहीतर सरळ मोबाइल नंबर टाकला जातो. पावतीच्या मागे तो लिहून दिला की काम उरकते. लोणावळ्यात बंगले भाड्याने देणाऱ्यांचीही गत फारशी वेगळी नाही. ईमेल, बुकिंगचे अ‍ॅप, फेसबुक या सगळ्यांना एकच पासवर्ड, आणि तो मॅनेजरपासून केअरटेकरपर्यंत सर्वांना ठाऊक. माणूस काम सोडून जातो, पासवर्ड मात्र तोच राहतो.

इथेच धोका आहे. आजचा चोर एकेक पासवर्ड ओळखत बसत नाही. एखाद्या कंपनीकडून फुटलेली यादी तो मिळवतो आणि त्यातला ईमेल व पासवर्ड इतर ठिकाणी संगणकाकरवी लावून पाहतो. २०१२ साली लिंक्डइनमधून चोरीला गेलेले कोट्यवधी पासवर्ड २०१६ साली इंटरनेटवर विक्रीला आले होते. ज्यांनी तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला, त्यांची ती खातीही उघडी पडली.

म्हणून पहिला नियम, प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड. दुसरा, तो लांब असावा. सहा आकड्यांच्या रचना होतात फक्त १० लाख, आणि संगणकाला त्या काहीच नाहीत. याउलट कुठलीही इंग्रजी अक्षरे घेतली, तर आठाची बारा केल्याने शक्यता साडेचार लाख पटींनी वाढतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. पासवर्ड लांब होतो आणि लक्षातही राहतो. मुलांची नावे, जन्मसाल, गाडीचा नंबर, गावचा किल्ला, पाठ असलेली म्हण, हे टाळा. अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ साली लांबीवर भर दिला आणि दर काही महिन्यांनी उगीच पासवर्ड बदलायची सक्ती नको, असे सांगितले. मात्र तो फुटल्याचा संशय आला किंवा तो माहीत असलेला माणूस काम सोडून गेला, तर त्याच दिवशी बदला.

इतके पासवर्ड लक्षात कसे ठेवायचे? पासवर्ड मॅनेजर नावाचे अ‍ॅप ते कुलूपबंद ठेवते. ते जमत नसेल तर घरच्या कपाटातल्या वहीत लिहा. सगळीकडे एकच ठेवण्यापेक्षा वही बरी. केंद्रात अर्ज भरताना पासवर्ड स्वतः टाइप करा आणि निघताना खाते लॉग आउट झाल्याची खात्री करा.

लोहगडावर एक दरवाजा ओलांडला की पुढे दुसरा उभा असतो, असे चार आहेत. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर आलेला ओटीपीही विचारणे, हा तसा दुसरा दरवाजा आहे. तो सुरू करा आणि आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका, समोरचा स्वतःला बँकेचा साहेब म्हणवत असला तरी.

फसवणूक झालीच तर लाजू नका, वेळ घालवू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी नुसार गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

श्रोतेहो, सुरुवात ईमेलपासून करा. विसरलेले बहुतेक पासवर्ड ईमेलवरूनच नव्याने मिळतात, त्यामुळे ईमेल ज्याच्या हाती, त्याच्या हाती तुमची सगळी खाती. आज रात्री जेवणाआधी तेवढा एक पासवर्ड बदलाच.