कड्यावरचा पाषाणदुर्ग

आयर्लंडच्या पश्चिमेस आरान बेटांपैकी इनिशमोर बेटावर डून एंगस हा प्राचीन दुर्ग आहे. चुन्याचा कणही न वापरता, दगडावर दगड रचून त्याचे तट उभारले आहेत. बाहेर अणकुचीदार शिळा दाट रोविल्या आहेत, त्या शत्रूची चाल खुंटावी म्हणून. १९९० नंतरच्या उत्खननाने येथील वस्ती सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची ठरविली. समुद्राकडे मात्र तट नाही. सुमारे ३०० फुटांचा उभा कडाच तेथे रक्षक आहे. परंतु तोच कडा लाटांनी झिजत आहे. लाटांना आवरणे आपल्या हाती नाही. पण तटावर न चढणे, एकही दगड न हलविणे, एवढे तर प्रत्येक प्रवाशाच्या हाती खास आहे.